डोक्यावरचे टिंब

'प' या अक्षराच्या डोक्यावर एक टिंब दिले, तर तो पंचम कोणत्या सप्तकातला? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीवर वाढलेला विद्यार्थी चटकन सांगेल, तार सप्तकातला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीने शिकलेला तितक्याच खात्रीने सांगेल, मंद्र सप्तकातला. या दोन पंचमांमध्ये पुरी दोन सप्तके आहेत. एकाची कंपनसंख्या दुसऱ्याच्या चौपट. तरीही दोघे विद्यार्थी आपापल्या जागी बरोबर आहेत. भातखंड्यांच्या पद्धतीत टिंब डोक्यावर गेले की स्वर वर चढतो आणि पायाशी आले की खाली उतरतो. पलुस्करांनी डोक्यावरचे टिंब मंद्रासाठी ठेवले आणि तार सप्तकासाठी उभी रेघ घेतली. तालाच्या खुणांचेही तसेच. भातखंड्यांच्या पुस्तकात शून्य म्हणजे खाली. पलुस्करांच्या पुस्तकात स्वराखालचे शून्य म्हणजे अर्धी मात्रा, आणि खाली दाखवायला अधिकाचे चिन्ह.

भातखंडे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले, पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला. गुरूच्या गळ्यातली चीज कागदावर उतरावी आणि घराण्याबाहेरच्या माणसालाही ती वाचता यावी, ही दोघांचीही तळमळ. दोघांनीही खुणा विचारपूर्वक निवडल्या. वाचणाऱ्याला फक्त एवढे कळायला हवे, की हातातले पुस्तक कोणत्या पद्धतीचे आहे. ती एक ओळ गळाली, तर बंदिश जशीच्या तशी छापलेली असूनही वाचणारा भलतेच गाईल.

हेच टिंब इतर पुस्तकांतून शोधत गेले तर त्याचे अर्थ वाढतच जातात. न्यूटनने अक्षराच्या डोक्यावर टिंब दिले ते त्या राशीच्या बदलाचा वेग दाखवायला, आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत ते अजून त्याच कामी येते. शाळेच्या गणितात दशांश चिन्हापुढच्या अंकावर टिंब आले, तर तो अंक पुन्हा पुन्हा येत राहतो. भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' अंकावरचे टिंब म्हणजे ती संख्या ऋण. आणि साध्या मराठी मजकुरात तो अनुस्वार. टिंबाला स्वतःचा अर्थ नाही. तो लिहिणारा देतो, आणि देताना एक वाक्य खर्च करतो. हे प्रकरण त्या वाक्याविषयी आहे.

भास्कराचार्यांनी ते वाक्य कुठे लिहिले हे पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकाच्या मध्यावर रचलेल्या या ग्रंथात धन आणि ऋण संख्यांच्या बेरजेचा नियम येतो, आणि तिथेच, उदाहरण सोडवायला घेताना, ते सांगून टाकतात: ज्ञात आणि अज्ञात राशींची आद्याक्षरे खूण म्हणून लिहावीत, ऋण असतील त्यांच्यावर टिंब द्यावे. अज्ञात राशीचे नाव 'यावत्तावत्', म्हणून 'या'. साधी संख्या म्हणजे 'रूप', म्हणून 'रू'. मग 'या ३ रू ७' हे आजच्या भाषेत तीन क्ष अधिक सात झाले, आणि सातावर टिंब आले की उणे सात. एकाहून अधिक अज्ञात असतील तेव्हा रंगांची नावे येतात: कालक, नीलक, पीतक. खुणांची गरज ज्या ओळीत पडली, त्याच ओळीच्या शेजारी त्यांचा खुलासा आहे. ग्रंथाच्या शेवटी नाही, आणि 'हे सर्वांना ठाऊकच आहे' असे गृहीत धरूनही नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असे चाळीसगावजवळच्या पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. तिथे शिकवायला गुरू समोर बसलेले असणार. तरीही खुणेचा खुलासा ग्रंथात आहे.

त्यांच्याआधी साडेसहाशे वर्षे, इसवी सन ४९९ मध्ये, आर्यभटाने याहून धाडसी काम केले. त्याला ग्रहांच्या फेऱ्यांचे प्रचंड आकडे श्लोकात बसवायचे होते. त्याने अक्षरांनाच आकडे केले. क पासून म पर्यंतची पंचवीस व्यंजने म्हणजे १ ते २५. पुढे य म्हणजे ३०, र म्हणजे ४०, असे ह म्हणजे १०० पर्यंत. व्यंजनाला जोडलेला स्वर त्याचे स्थान ठरवतो: अ असेल तर एकक, इ असेल तर शंभरपट, उ असेल तर दहा हजारपट, ऋ असेल तर दहा लाखपट. एका युगात सूर्याच्या फेऱ्या किती, याचे उत्तर त्याने 'ख्युघृ' या दोन अक्षरांत दिले. ख चे २ आणि य चे ३० मिळून ३२. त्यांना उ जोडलेला, म्हणून ३,२०,०००. घ चे ४, त्याला ऋ, म्हणून ४०,००,०००. एकूण ४३,२०,०००.

किल्ली हाती नसेल तर 'ख्युघृ' हा निव्वळ उच्चारायला कठीण असा आवाज आहे. म्हणून आर्यभटाने आकडे सांगण्याआधी, अगदी आरंभी, एका श्लोकात ती किल्ली दिली. य ची किंमत तर त्याने ङ आणि म यांची बेरीज म्हणून सांगितली, म्हणजे ५ अधिक २५. मात्र तो श्लोक इतका आवळलेला आहे की टीकाकारांना त्याचा उलगडा करावा लागला, आणि पुढच्या ज्योतिषांनी बहुतेक वेळा चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन अशी शब्दांकांची सोपी वाट धरली. आर्यभटाच्या पद्धतीत तर्काची चूक एकही नाही. तिचा खुलासा वाचकाला झेपेल एवढा मोकळा नव्हता, हे तिच्या एकाकीपणाचे एक कारण म्हणता येईल.

खुलासा असूनही घोटाळा उरतो, याचे सर्वांत नामांकित उदाहरण पाणिनीचे आहे. व्याकरणाचे नियम थोडक्यात सांगण्यासाठी त्याने वर्णमाला चौदा सूत्रांत मांडली. प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक व्यंजन खुणेपुरते ठेवले. कोणताही वर्ण घ्या, त्याला पुढची एखादी खूण जोडा, की त्या दोघांमधले सगळे वर्ण एका अक्षरात आले: 'अच्' म्हणजे सगळे स्वर, 'हल्' म्हणजे सगळी व्यंजने. ही युक्ती कशी वाचायची याचे नियमही अष्टाध्यायीतच आहेत. पण एक खूण दोनदा आली. 'ण्' पहिल्या सूत्राच्या शेवटी आहे आणि पुढे सहाव्या सूत्राच्याही शेवटी आहे. मग 'अण्' म्हणजे अ, इ, उ एवढेच, की थेट दुसऱ्या 'ण्' पर्यंतचे सगळे? पतंजलीच्या महाभाष्यात याची चर्चा आहे. परंपरेचा निवाडा असा, की 'अण्' सगळीकडे पहिल्या 'ण्' पर्यंतच घ्यायचा. सवर्णांविषयीचा एक नियम मात्र अपवाद, तिथे तो दुसऱ्या 'ण्' पर्यंत जातो. संदेह आला म्हणून नियम टाकून द्यायचा नसतो, व्याख्यान करून त्याचा नेमका अर्थ ठरवायचा असतो, असे वैयाकरणांनी तत्त्वच करून ठेवले. ही भूमिका वाचणाऱ्याच्या बाजूने अतिशय उदार आहे. आजचा लेखक मात्र तिच्यावर विसंबू शकत नाही, कारण त्याच्या वाट्याला पतंजली येईलच असे नाही.

आजच्या तांत्रिक लेखनात असे 'ण्' पावलोपावली आहेत. १००० चा लॉग किती? अभियंत्याच्या कोष्टकात ३, गणितज्ञाच्या निबंधात सुमारे ६.९१, संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सुमारे ९.९७. तिघांचे पाये वेगळे: दहा, ई आणि दोन. नैसर्गिक संख्या महाराष्ट्रातल्या शाळेत १ पासून सुरू होतात; आंतरराष्ट्रीय मानकात त्या ० पासून सुरू होतात. गोलावरची जागा सांगताना थीटा आणि फाय हे दोन कोन घेतात, पण भौतिकशास्त्रात ध्रुवापासून मोजायचा तो थीटा आणि गणिताच्या अनेक पुस्तकांत नेमकी अदलाबदल. १,२३४ हा आकडा पुण्यात बाराशे चौतीस आहे. जर्मनीत तो सव्वाच्या जरा अलीकडे आहे, कारण तिथे स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह. वजने-मापे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली दोन्ही चिन्हे मान्य केली, तेव्हा हा प्रश्न लेखकावरच राहिला.

शाळेत सर्वांना अडखळायला लावणारे चिन्ह म्हणजे साइनच्या डोक्यावरचे उणे एक. तिथेच दोन लिहिले तर साइनचा वर्ग. मग उणे एक लिहिले तर एक भागिले साइन असायला हवे, असे कोणताही विचारी विद्यार्थी म्हणेल. त्याचा तर्क निर्दोष आहे. जॉन हर्शेलने १८१३ साली ही खूण व्यस्त फलनासाठी वापरली, आणि डोक्यावरचा अंक म्हणजे तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे, असा त्याचा सुसंगत विचार होता. त्या हिशेबाने साइनच्या डोक्यावरचा दोन म्हणजे साइनचा साइन व्हायला हवा. पण वर्गाची जुनी रीत रूढच राहिली, आणि एका जागेवर दोन परस्परविरोधी नियम नांदू लागले. अशा ठिकाणी शिक्षकाने दोन वाक्ये बोलली नाहीत, तर हुशार मुलगाच आधी चुकतो.

रामानुजनच्या पत्रव्यवहारात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. २७ फेब्रुवारी १९१३ च्या पत्रात त्याने इंग्रज गणितज्ञ हार्डींना लिहिले, की आपल्या सिद्धांतानुसार १ + २ + ३ + ४ + … या न संपणाऱ्या मालिकेची बेरीज उणे एक द्वादशांश येते. आणि हे असेच सांगितले तर समोरचा माणूस वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवील. त्याआधी लंडनच्या एका प्राध्यापकाने त्याला अशा मालिकांतल्या खाचखळग्यांविषयी सावध केले होते. त्या समीकरणात नेहमीची बेरजेची चिन्हे आहेत आणि नेहमीचे बरोबरचे चिन्ह आहे. रामानुजनच्या मनात मात्र 'बेरीज' म्हणजे त्या मालिकेशी निगडित असा एक स्थिरांक होता, आणि तो काढण्याची रीत त्याच्या वह्यांत आहे. नेहमीच्या अर्थाने वाचले तर विधान असत्य, त्याच्या अर्थाने वाचले तर खरे. 'आपल्या सिद्धांतानुसार' या दोन शब्दांत त्याने खुलाशाची जागा दाखवली होती, पण ती भरली नव्हती. ती रिकामी असूनही पलीकडचा आशय ओळखणारा हार्डींसारखा वाचक भेटला, हे त्याचे आणि गणिताचे भाग्य.

गणितात गैरसमजाची किंमत वेळेने चुकवता येते. दवाखान्यात ती माणसाच्या जिवाने चुकवावी लागते. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली हस्तलिखित सूचनांमधून बाद करायच्या खुणांची यादी जाहीर केली. इन्सुलिनच्या 'युनिट'साठी लिहिले जाणारे यू हे अक्षर तीत आहे, कारण ते घाईच्या अक्षरात शून्य दिसते आणि मात्रा दहापट होते. १.० मिलिग्रॅम असे लिहायचे नाही, कारण टिंब पुसट झाले की ते १० होते. उलट .५ असेही लिहायचे नाही, आधी शून्य द्यायचे, नाहीतर ५ वाचले जाईल. 'एमएस' ही अक्षरे मॉर्फिन सल्फेटसाठीही चालत आणि मॅग्नेशियम सल्फेटसाठीही. एक वेदनाशामक अफूजन्य औषध, दुसरे क्षार. यादीचे सांगणे सरळ आहे: पूर्ण शब्द लिहा.

पूर्ण शब्द लिहा, हा सल्ला गणितज्ञांनीही दिलेला आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. बुडापेस्टमध्ये जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ पॉल हाल्मोस यांनी १९७० साली गणित कसे लिहावे यावर एक दीर्घ निबंध लिहिला. सिद्धता संपल्याची खूण म्हणून काळा चौकोन रूढ करणारे हेच ते हाल्मोस. त्यांचे मत असे, की जिथे चिन्हावाचून भागते तिथे ते वापरूच नये. लिहिताना अशी कल्पना करावी, की मित्राबरोबर रानातून फिरत चाललो आहोत, हाताशी कागद नाही, आणि विषय समजावून सांगायचा आहे. तिथे जे अक्षर उच्चारावे लागणार नाही, ते कागदावरही बहुधा नकोच. विधानात एकदा नाव द्यायचे आणि पुढे त्याला हाकच मारायची नाही, अशी अक्षरे त्यांनी नेमकी बोट ठेवून दाखवली. 'प्रत्येक सम संख्या न ला दोनने भाग जातो' या वाक्यातला न पुढे कुठे लागणार नसेल, तर तो कशासाठी आला?

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात गणिती लेखनावर एक वर्गच घेतला, आणि त्याची टिपणे दोन वर्षांनी पुस्तकरूपाने आली. त्यातल्या पहिल्याच सूचना अगदी हाताळता येण्यासारख्या आहेत: दोन सूत्रे एकमेकांना चिकटू देऊ नका, मध्ये शब्द घाला; वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नका. 'क्ष > ०, य < ५' यातला स्वल्पविराम 'आणि' आहे, 'म्हणून' आहे की 'किंवा'? लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते स्पष्ट असते. कागदावर मात्र तिन्ही शक्यता उघड्या राहतात.

बरोबरचे चिन्ह तर एकट्याने तीन कामे करते. 'क्षेत्रफळ = लांबी × रुंदी' हा नियम आहे. 'लांबी = १२ मीटर' ही या उदाहरणापुरती दिलेली माहिती आहे. 'क्ष + ३ = ७' ही अट आहे, ती पाळणारा क्ष शोधायचा आहे. संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांना हा भेद डोळ्याआड करता आला नाही, कारण यंत्राला अंदाज बांधता येत नाही. म्हणून अल्गोल आणि पास्कल या भाषांत नाव देण्यासाठी बरोबरच्या चिन्हाआधी अपूर्णविराम आला, आणि सी भाषेत तपासणीसाठी बरोबरचे चिन्ह जोडीने आले. मराठी लेखकाला हा भेद शब्दांनी करता येतो. नाव ठेवायचे असेल तर 'म्हणू', गृहीत धरायचे असेल तर 'समजा', निष्कर्ष असेल तर 'म्हणून'. 'प्रवाहाचा वेग स्थिर आहे असे समजू आणि त्याला व म्हणू' या वाक्यात गृहीतक कोणते आणि नामकरण कोणते, हे लपत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. पाणलोट क्षेत्रावरच्या एखाद्या प्रकल्प अहवालात असे वाक्य सहज सापडू शकते:

'स२ = स१ + ०.०८६४ (आ − वि) या सूत्राने साठा काढला.'

सूत्र चूक नाही. पण वाचणारा किती ठिकाणी थांबतो ते मोजावे. स१ कधीचा साठा, आणि स२ किती वेळानंतरचा? साठा टीएमसीत की दशलक्ष घनमीटरमध्ये? आ म्हणजे आवक असावी, पण ती क्युसेकमध्ये की क्युमेकमध्ये? आणि ०.०८६४ कुठून आले? तो त्या धरणासाठी मोजून काढलेला गुणांक आहे, की फक्त एककांची बदली? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण गुणांक असेल तर तो दुसऱ्या धरणाला लागू होणार नाही, आणि बदली असेल तर सगळीकडे चालेल. सूत्राकडे बघून हे ठरवता येत नाही.

तेच असे लिहिता येते:

'धरणातला साठा रोज सकाळी आठ वाजता टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांमध्ये नोंदवला आहे. आजच्या साठ्याला स१ आणि उद्याच्या साठ्याला स२ म्हणू. या चोवीस तासांतली सरासरी आवक आ आणि सरासरी विसर्ग वि, दोन्ही हजार क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक हजार क्युसेकचा प्रवाह पूर्ण दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद चालला, तर ८.६४ कोटी घनफूट, म्हणजे ०.०८६४ टीएमसी पाणी वाहते. बाष्पीभवन आणि गळती धरलेली नाही. म्हणून स२ = स१ + ०.०८६४ (आ − वि). उदाहरणार्थ, साठा ८० टीएमसी, आवक ३० हजार आणि विसर्ग १० हजार क्युसेक असेल, तर दुसऱ्या दिवशीचा साठा सुमारे ८१.७३ टीएमसी.'

मजकूर कितीतरी पटींनी वाढला, आणि ही वाढ अंगावर येणारी नाही. प्रत्येक राशीला नाव मिळाले, एकक मिळाले, काळ मिळाला. ०.०८६४ चे गूढ सुटले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय धरले नाही, तेही कळले. शेवटचे आकड्यांचे उदाहरण तपासणीच्या कामाचे आहे: वाचकाने एककांत चूक केली असेल, तर त्याचे उत्तर ८१.७३ येणार नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाईल. व्याख्येने जे राहून जाते ते उदाहरण पुरे करते, म्हणून अनुभवी लेखक दोन्ही देतात. 'जिथे स१ म्हणजे अमुक, स२ म्हणजे तमुक' अशी शेपटी सूत्रानंतर जोडण्याची रीत इंग्रजीतून आली आहे. मराठी वाक्याला ती सवय नाही. आधी ओळख आणि मग सूत्र हाच क्रम मराठीत सहज येतो, आणि वाचकालाही तोच सोयीचा.

देवनागरी अक्षरे चिन्हे म्हणून घेताना मराठीच्या काही खास अडचणी आहेत, त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. वरच्या उदाहरणातल्या 'आ'ला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहा: 'आला'. वाचकाला काहीतरी आल्यासारखे वाटेल. एकूण संख्येसाठी न घेतला आणि 'न शून्य असेल तर' असे लिहिले, तर संख्या शून्य आहे की नाही, हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते. सिद्धतेत याहून घातक जागा नाही. वेगासाठी व घेतला, की 'क व ख' या तीन राशी आहेत की दोन, हा प्रश्न. काळासाठी 'का' घेतला तर वाक्याचा प्रश्नच होतो. यावर उपाय साधा आहे. अक्षराच्या आधी किंवा नंतर त्याची जात सांगणारे नाम ठेवावे आणि प्रत्यय त्या नामाला लावावा: 'न या संख्येला', 'व हा वेग', 'कोन क'. क्ष आणि य ही अक्षरे इतकी वर्षे टिकली, कारण एकटा क्ष किंवा एकटा य मराठीत दुसऱ्या कोणत्या शब्दाचे काम करत नाही. आणि जिथे 'आवक' हा तीन अक्षरी शब्दच पुरेल, तिथे तो तसाच सूत्रात लिहायला काय हरकत आहे? हिशेबाच्या अहवालात तर पूर्ण शब्दांचे सूत्र नेहमीच अधिक वाचनीय असते.

एकदा दिलेले नाव मग शेवटपर्यंत पाळावे लागते. दुसऱ्या प्रकरणात त म्हणजे तापमान आणि पाचव्यात त म्हणजे तास, असे झाले की वाचक मागे धावतो. याच्या उलट दोषही तेवढाच त्रासदायक: एकाच राशीला प्रस्तावनेत एक अक्षर, आकृतीत दुसरे आणि कोष्टकाच्या मथळ्यात तिसरे. दोन-तीन जणांनी मिळून लिहिलेल्या प्रबंधात हे हमखास होते. आकृती आणि कोष्टके पुष्कळजण मजकुराआधी पाहतात, म्हणून त्यांच्याखाली खुणांचा खुलासा पुन्हा देणे ही पुनरुक्ती नव्हे.

मोठ्या पुस्तकात सगळ्या चिन्हांची यादी एका पानावर हवीच. ग्रॅहम, नूथ आणि पाताश्निक यांच्या 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स' या १९८९ च्या पाठ्यपुस्तकात ती आरंभीच आहे, आणि प्रत्येक चिन्हासमोर ते कोणत्या पानावर समजावले आहे तो आकडा आहे. यादी म्हणजे समजावणी नव्हे, याची जाण त्या पानाच्या रचनेतच दिसते.

खुणेचा खुलासा लांबलचकच असावा लागतो असेही नाही. आइनस्टाइनने १९१६ साली सामान्य सापेक्षतेवरचा मोठा निबंध लिहिला, तेव्हा प्रत्येक ओळीत बेरजेचे चिन्ह लिहावे लागत होते. बेरीज नेहमी त्याच निर्देशांकावर होते जो एका पदात दोनदा येतो, हे त्याच्या लक्षात आले. मग एका छोट्या परिच्छेदात त्याने सांगितले, की यापुढे निर्देशांक दोनदा दिसला की बेरीज समजावी. तसे नसेल तिथे स्पष्ट सांगितले जाईल. उरलेला निबंध हलका झाला, आणि भौतिकशास्त्राने ती रीत कायमची उचलली. अपवाद कसा ओळखायचा हेही त्याच परिच्छेदात सांगितल्यामुळे ती रीत निर्धोक झाली.

कधी लेखकाला रूढ चिन्हाचा अर्थच बदलावा लागतो. संगणकाचे काम आकारमानाबरोबर किती वाढते, हे सांगण्यासाठी मोठा ओ वापरतात. १८९४ साली पाउल बाखमान यांनी तो आणला आणि लँडाउ यांनी रुळवला. काम 'जास्तीत जास्त' एवढे वाढेल, हा त्याचा अर्थ. पण 'कमीत कमी' एवढे तरी वाढेल, असे म्हणायलाही लोक तेच चिन्ह वापरू लागले. १९७६ साली नूथ यांनी एक छोटी टीप लिहिली आणि 'कमीत कमी'साठी ग्रीक ओमेगा, तर दोन्हीकडून नेमके बांधायला थीटा सुचवला. ओमेगा नवा नव्हता. हार्डी आणि लिटलवुड यांनी १९१४ सालीच तो जरा वेगळ्या, सैल अर्थाने वापरला होता: कितीही पुढे गेले तरी अधूनमधून तेवढी वाढ दिसते, एवढेच ते चिन्ह सांगे. नूथ यांना 'एका टप्प्यानंतर नेहमीच' असा अर्थ हवा होता. जुना वापर त्यांनी टिपेत नोंदवला, आपण तो का बदलत आहोत हे सांगितले, नव्या व्याख्या नीट लिहून दिल्या आणि संपादकांनी त्या स्वीकाराव्यात असे आवाहन केले. संगणकशास्त्रात आज याच व्याख्या चालतात. पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणारे गणिती मात्र ओमेगा अजून हार्डी-लिटलवुड यांच्या अर्थानेच लिहितात. त्यामुळे दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवर काम करणाऱ्या लेखकाला आपला ओमेगा कोणता, हे पहिल्याच पानावर सांगावे लागते.